दोघांचा खरेदीचा आणि खाण्याचा दिवस: आधी पाहावे, मग जेवावे, नंतर घ्यावे

शहरात दिवसभर फिरणे, आवडीचे खाणे आणि थोडी खरेदी करणे हा दोघांनी मिळून करण्याजोगा अतिशय आनंदाचा कार्यक्रम आहे. तो नीट आखला, तर संध्याकाळी पाय दुखत असले तरी दोघांचेही मन प्रसन्न असते. आखणी म्हणजे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक नव्हे. सगळा दिवस एकाच गोष्टीवर उभा राहतो: वस्तू पाहणे आणि वस्तू घेणे यांच्या मध्ये दुपारचे जेवण यावे. सकाळी दोघांनी मनसोक्त पाहावे, जेवताना निवांत बसून ठरवावे आणि जेवणानंतर ठरलेले तेवढेच घ्यावे. त्यामुळे विक्रेत्यासमोर घाईने निर्णय घ्यावे लागत नाहीत, सकाळभर हात मोकळे राहतात आणि जेवणाच्या टेबलावर दोघांना बोलायला खरा विषय मिळतो.

घरून निघण्यापूर्वी

आदल्या दिवशी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापली यादी लिहावी आणि नंतर त्या शेजारी ठेवून वाचाव्यात. यादी एकत्र बसून केली की जो अधिक बोलका असतो त्याच्याच गरजा तिच्यात उतरतात, म्हणून सुरुवात वेगळी असणे महत्त्वाचे आहे. मग प्रत्येक नोंदीपुढे ती वस्तू घ्यायचीच आहे की केवळ पाहायची आहे, हे लिहावे. दिवसभरात ‘घ्यायच्याच’ अशा वस्तू चार-पाचांहून अधिक नसाव्यात. त्याहून जास्त झाल्या की तो दिवस सहलीचा राहत नाही, कामाचा होतो.

पैशांचे बोलणेही घरीच व्हावे. रकमेचे तीन भाग करावेत: एक दोघांच्या सामायिक खरेदीचा आणि खाण्याचा, आणि उरलेले दोन प्रत्येकाचे स्वतःचे. आपल्या वाट्याच्या पैशांतून कोणी काय घेतले याबद्दल दुसऱ्याने प्रश्न विचारू नये, हा नियम मनापासून पाळावा. सामायिक भागासाठी एक मर्यादा ठरवावी, म्हणजे त्या रकमेच्या वरची वस्तू घेताना दुसऱ्याला विचारायचे हे आधीच स्पष्ट असते. प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे आपल्याला योग्य वाटणारी किंमतही घरीच लिहून ठेवावी. हे का, ते पुढे जेवणाच्या भागात सांगितले आहे.

मापे सोबत असली की अर्धे वाद टळतात. पडदे घ्यायचे असतील तर खिडकीची उंची आणि रुंदी, कपाट घ्यायचे असेल तर भिंतीबरोबरच घराच्या दाराची रुंदी आणि जिन्याच्या वळणावरची जागा मोजून घ्यावी. कपाट खोलीत मावते, पण जिन्यावर वळत नाही, असा प्रसंग अगदी नेहमीचा आहे. जुळत्या रंगाचे काही घ्यायचे असेल तर मूळ कापडाचा तुकडा किंवा प्रत्यक्ष वस्तूच न्यावी. फोनमधील छायाचित्रात रंग हमखास बदललेला असतो.

अंगावर सहज काढता-घालता येतील असे कपडे आणि पायांत चालायला सवयीची, पण चटकन निघणारी पादत्राणे असावीत. नवे बूट घ्यायचे असतील तर ज्या मोज्यांवर ते वापरले जाणार आहेत ते मोजे पिशवीत टाकावेत. पाण्याची बाटली, घडी होणाऱ्या दोन कापडी पिशव्या आणि चार्ज केलेले फोन एवढे सामान पुरते. सगळे पैसे आणि सगळी कार्डे एकाच पाकिटात ठेवू नयेत. दोघांनी वाटून घ्यावीत, म्हणजे एक पाकीट हरवले तरी दिवस बुडत नाही. ज्या दुकानांसाठी मुद्दाम जात आहोत, त्यांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस तपासणे ही साधी गोष्ट आहे, पण तीच बहुतेक वेळा राहून जाते.

भाग निवडताना मोह आवरावा. शहराच्या दोन टोकांना असलेल्या दोन बाजारपेठा एका दिवसात करायला गेले, की उत्तम वेळ वाहनात जातो. एकच भाग निवडावा, वाहनाने त्याच्या लांबच्या टोकाला उतरावे आणि चालत चालत परतीच्या स्थानकाकडे किंवा वाहनतळाकडे यावे. मग जसजसे ओझे वाढते तसतसे चालायचे अंतर कमी होत जाते.

सकाळ पाहण्याची

घरून हलका नाश्ता करून निघावे. उपाशीपोटी निघालेला माणूस पहिल्या तासाभरातच चिडचिडा होतो आणि त्याच्या नकळत दुसऱ्याचाही उत्साह मावळतो. दुकाने उघडल्यानंतरचा पहिला दीड तास सर्वांत चांगला असतो, कारण तेव्हा माल नीट लावलेला असतो, कपडे घालून पाहण्याच्या खोल्या रिकाम्या असतात आणि विक्रेत्यांना सांगण्या-दाखवण्याला सवड असते.

या वेळी रंगावर अवलंबून असलेल्या वस्तू पाहाव्यात. प्रकाश किती पिवळसर किंवा निळसर आहे हे रंगतापमानाने सांगतात, आणि आकडा जितका लहान तितका प्रकाश पिवळसर. दुकानातील पिवळसर दिव्यांचा प्रकाश साधारण ३००० केल्विन रंगतापमानाचा असतो, तर दिवसाचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० केल्विन. पिवळसर प्रकाशात तांबडे आणि केशरी रंग खुलतात, निळे आणि करडे मंदावतात. शिवाय दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडे एका प्रकाशात अगदी जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात उघड वेगळी दिसतात. या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात. म्हणून जुळवायच्या दोन्ही वस्तू विक्रेत्याच्या परवानगीने दारापाशी किंवा खिडकीपाशी न्याव्यात आणि सूर्यप्रकाशात शेजारी धरून पाहाव्यात. संध्याकाळी हे करता येत नाही, म्हणून रंगाचे काम सकाळी.

अत्तर किंवा सुगंधी द्रव्य घ्यायचे असेल तर तेही सकाळीच अंगाला लावून पाहावे, पण विकत घेऊ नये. पहिल्या काही मिनिटांत जो वास येतो तो लवकर उडून जाणाऱ्या घटकांचा असतो. जो वास दिवसभर सोबत राहणार आहे तो त्यानंतर हळूहळू वर येतो, आणि प्रत्येकाच्या त्वचेवर तो थोडा निराळा असतो, त्यामुळे कागदाच्या पट्टीवरून अंदाज येत नाही. नाक लवकर सरावते, म्हणून एका माणसाने तीनाहून अधिक वास एका वेळी घेऊ नयेत. कॉफीच्या बिया हुंगल्याने नाक पुन्हा ताजे होते असा समज आहे, पण प्रयोग करून पाहिले तेव्हा त्या साध्या हवेपेक्षा अधिक उपयोगी ठरल्या नाहीत. चार पावले बाहेर मोकळ्यावर जाऊन आले तरी पुरते. दोघे असण्याचा इथे मोठा फायदा आहे, कारण मिळून चार मनगटे असतात. एकेका मनगटावर एकेक वास घ्यावा आणि जेवण होईपर्यंत त्याला वेळ द्यावा.

आवडलेल्या प्रत्येक वस्तूचे छायाचित्र किमतीच्या चिठ्ठीसह घ्यावे आणि दुकानाचे नाव टिपून ठेवावे; छायाचित्रापूर्वी विचारणे हा शिष्टाचार आहे. विक्रेत्याला ‘आम्ही आत्ता पाहत आहोत, जेवून परत येऊ’ असे स्वच्छ सांगावे. यात संकोच करण्याचे कारण नाही, आणि असे सांगून खरोखर परत येणाऱ्या गिऱ्हाईकाला बरेच विक्रेते वस्तू बाजूला काढूनही ठेवतात. या नियमाला मी एकच अपवाद मानतो: हाताने बनवलेली, एकुलती एक वस्तू दोघांनाही एकाच क्षणी आवडली आणि ती ठरलेल्या रकमेत बसत असली, तर ती तेव्हाच घ्यावी.

विक्रेत्यासमोर एकमेकांशी वाद घालू नये. दुकानातून निघायचे आहे हे सांगणारी एखादी खूण, उदाहरणार्थ घड्याळाकडे पाहणे, आधी ठरवून ठेवली की कोणाचाच मान दुखावत नाही.

जेवण

जेवणाची जागा कोणी निवडायची, हा प्रश्न भर बाजारात भुकेल्या अवस्थेत सोडवायला घेऊ नये. दुपारची जागा एकाने आणि संध्याकाळची दुसऱ्याने आदल्या दिवशीच ठरवावी, आणि निवडणाऱ्याच्या आवडीने त्या वेळी दुसऱ्याने आनंदाने जेवावे. गर्दीची वेळ सुरू होण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास पोहोचले तर जागाही मिळते आणि स्वयंपाकघरावर ताण नसल्याने पदार्थही नीट येतात. टेबल निवडताना दार, पैसे देण्याची जागा आणि स्वयंपाकघराची वाट या तिन्हींपासून दूरचा कोपरा मागावा. दिवसाचे निर्णय इथेच व्हायचे असल्यामुळे एकमेकांचे बोलणे ऐकू येणे चवीइतकेच महत्त्वाचे आहे.

दोघांनी मिळून खाण्यात एक खास सोय आहे: एकट्याला दोन पदार्थ जड होतात, पण दोघांना चार पदार्थांची चव घेता येते. मात्र सगळे एकदम मागवू नये. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण १५ ते २० मिनिटे लागतात, म्हणून आधी दोन पदार्थ मागवावेत, ते वाटून खावेत आणि मग पुढचे ठरवावे. पदार्थ चवीने आणि पोताने एकमेकांपासून दूरचे असावेत, म्हणजे एक कुरकुरीत असेल तर दुसरा मऊ, एक आंबट असेल तर दुसरा सौम्य. एकाच चवीचे खात राहिल्यावर तिची गोडी कमी होत जाते, पण निराळ्या चवीची इच्छा शिल्लक राहते; जेवण भरपेट झाल्यावरही गोडासाठी जागा उरते ती याच कारणाने. म्हणून गोड तिथेच न घेता दुपारच्या विसाव्यासाठी राखून ठेवावे. दुपारनंतर पुन्हा चालायचे आहे, तेव्हा तळलेले आणि फार जड पदार्थ संध्याकाळकडे ढकललेले बरे.

पदार्थ येईपर्यंतच्या वेळात सकाळी घेतलेली छायाचित्रे उघडून पाहावीत. इथे एक पथ्य फार उपयोगी पडते: आपले मत मोठ्याने सांगण्यापूर्वी दोघांनी प्रत्येक वस्तूला आपापल्या मनाने दहापैकी गुण लिहावेत आणि मगच कागद एकमेकांना दाखवावेत. पहिला बोलला की दुसऱ्याचे मत त्याच्याकडे झुकते, आणि घरी गेल्यावर ‘मला तर तेव्हाच नको होते’ हे वाक्य ऐकू येते. दोघांचेही गुण चांगले असलेली वस्तू सामायिक पैशांतून घ्यावी. एकालाच अतिशय आवडलेली वस्तू त्याने स्वतःच्या वाट्यातून घ्यावी, आणि दुसऱ्याने तिच्याबद्दल नाक मुरडू नये.

किंमत ठरवताना घरी लिहिलेला आकडा समोर ठेवावा. आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले की माणसाच्या समोर आधी आलेला आकडा, त्याचा विषयाशी संबंध नसला तरी, त्याच्या पुढच्या अंदाजाला आपल्याकडे ओढतो. बाजारात हे सतत घडते. आधी फार महाग वस्तू पाहिली की तिच्या निम्म्या किमतीची वस्तू स्वस्त वाटू लागते, आणि खोडलेल्या मोठ्या आकड्याखाली लिहिलेला लहान आकडा सवलतीसारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणजे तुलना दुकानातल्या दुसऱ्या चिठ्ठीशी न करता आपल्या स्वतःच्या आकड्याशी करणे.

दुपारनंतर घेण्याचे काम

जेवणानंतर यादी लहान आणि स्पष्ट झालेली असते, त्यामुळे पावलेही ठाम पडतात. पादत्राणे याच वेळी घ्यावीत. दिवसभर उभे राहिल्याने आणि चालल्याने पाय किंचित सुजतात, आणि सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळू लागतो. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून दोन्ही पायांत घालून आणि उभे राहून पाहावे. माप मोठ्या पायाचे धरावे. सर्वांत लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. एवढे पाहून बहुतेक लोक थांबतात, पण टाचेपासून चवड्याच्या रुंद भागापर्यंतची लांबीही जुळावी लागते, कारण बूट तिथेच वाकतो आणि पायही तिथेच वाकायला हवा. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात पाय मोजण्याचे जे धातूचे साधन बनवले, त्यात पायाच्या पूर्ण लांबीबरोबर ही दुसरी लांबी आणि रुंदीही मोजता येते, ती याचसाठी. ‘वापरल्यावर सैल होईल’ हे विक्रेत्याचे म्हणणे चामड्याच्या रुंदीबाबत काही अंशी खरे असते. लांबीबाबत त्यावर विसंबू नये.

कमरेला बसणारे कपडेही जेवणानंतर घालून पाहणे चांगले, कारण भरल्या पोटी आणि बसल्यावर जे सुखावह वाटतात तेच पुढे वापरले जातात. खोलीबाहेर थांबलेल्या जोडीदाराचे काम इथे मोठे आहे. ‘छान दिसते’ एवढे म्हणणे प्रेमाचे असले तरी निर्णयाला उपयोगी नाही. त्याने पाहावे ते हे की खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी बसते का, हात वर केल्यावर कापड पाठीत ओढले जाते का, आणि बसल्यावर पोटाशी किंवा मांडीशी घड्या ताणल्या जातात का. लांबी शिंप्याकडून सहज कमी करून घेता येते, कमरेत थोडा फेर करता येतो, पण खांदा बदलणे किचकट आणि खर्चिक असते. म्हणून खांदा बसत नसेल तर तो कपडा कितीही देखणा असला तरी परत करावा. आरशापासून दूर जाऊन, चालून, वळून दाखवावे. आरसा एकच बाजू दाखवतो आणि जोडीदाराला सगळ्या बाजू दिसतात.

खरेदीचा क्रमही ठरलेला असावा: हलके आणि न मोडणारे आधी, जड आणि नाजूक शेवटी. फार मोठी वस्तू दुकानाकडून घरी पाठवण्याची सोय असेल तर ती घ्यावी, आणि पोहोचवण्याचा दिवस व खर्च पावतीवर लिहून घ्यावा. विजेवर चालणारी वस्तू दुकानातच सुरू करून पाहावी. पैसे दिल्यावर काउंटरवरून हलण्यापूर्वी पावतीवरचे माप, रंग आणि रक्कम तपासावी, बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे आणि त्यासाठी खोके व चिठ्ठी शाबूत लागते का, हे विचारून घ्यावे.

तासाभराचा दुरावा

बहुतेक जोडप्यांत एकाला प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहायची असते आणि दुसऱ्याला काम आटोपून पुढे जायचे असते. हा स्वभावाचा फरक आहे. तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न करू नये, त्यासाठी वेळ राखून ठेवावा. दुपारी एक तास दोघांनी वेगवेगळे फिरावे, आणि भेटण्याची जागा व वेळ आधी नक्की करावी. जागा फोन बंद पडला तरी सापडेल अशी, म्हणजे एखादे ठळक प्रवेशद्वार किंवा चौकातले घड्याळ, असावी. मोठ्या दुकानांनाही ही गरज जुन्या काळापासून ओळखता आली आहे. पॅरिसच्या ‘ल बाँ मार्शे’ या दुकानात एकोणिसाव्या शतकातच वाचनासाठी वेगळी खोली होती, म्हणजे एकाची खरेदी चालू असताना सोबतच्याला तिथे बसता येत असे. दुरावलेल्या या तासात एकमेकांसाठी गुपचूप छोटी भेटवस्तूही घेता येते, आणि माझ्या मते दिवसातला सर्वांत गोड भाग तोच असतो.

पुन्हा भेटल्यावर पंधरा-वीस मिनिटे बसावे. दुपारचे राखून ठेवलेले गोड आणि गरम पेय याच वेळी घ्यावे, बूट सैल करावेत, आणि यादीत उरलेल्या वस्तूंपैकी काय आज सोडून द्यायचे ते ठरवावे. थकल्यावर ‘एवढे तरी उरकून टाकू’ म्हणून केलेली खरेदी सहसा आवडीची ठरत नाही.

मॉलमध्ये जाणार असाल तर

पूर्णपणे बंदिस्त आणि तापमान नियंत्रित असलेले पहिले मोठे खरेदी केंद्र, साउथडेल, १९५६ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुरू झाले. व्हिएन्नात जन्मलेले व्हिक्टर ग्रुएन हे त्याचे वास्तुरचनाकार. एका वस्तूसाठी आलेला माणूस झगमगाटात मूळ काम विसरून नुसता भटकू लागतो, त्या क्षणाला आज त्यांचेच नाव दिले जाते, जरी पुढे त्यांनी स्वतः अशा केंद्रांना नावे ठेवली. अशा इमारतीत बाहेरचा उजेड फारसा दिसत नाही, म्हणून वेळ कळत नाही. मोठी दुकाने दोन टोकांना असतात, म्हणून मधल्या सगळ्या दुकानांवरून जावेच लागते. यावर साधे उपाय आहेत: ज्या दुकानात काम आहे त्याच्या जवळच्या दाराने आत जावे, फोनवर दर तासाला गजर लावावा, आणि जेवायला शक्यतो इमारतीबाहेर पडावे, म्हणजे उजेड आणि मोकळी हवा मिळून डोके शांत होते. पाऊस किंवा कडक ऊन असेल त्या दिवशी मात्र मॉलसारखी दुसरी सोय नाही.

संध्याकाळचे खाणे आणि परतणे

संध्याकाळी खरेदी संपलेली असते, म्हणून उभ्या उभ्या खाण्याची मौज आता घ्यावी. रस्त्यावरची जागा निवडताना जिथे पदार्थ समोर गरम करून लगेच हातात दिला जातो आणि गिऱ्हाईक सतत बदलत असते ती पसंत करावी. तिथे काही फार काळ पडून राहत नाही. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाहून अधिक ठेवू नये, असा नियम आहे. हाच नियम बांधून घ्यायच्या पदार्थांना लागू होतो. दुपारच्या जेवणातले उरलेले अन्न पिशवीत घेऊन संध्याकाळपर्यंत फिरू नये. घरी न्यायचे खाद्यपदार्थ आणि नाशवंत वस्तू अगदी शेवटी, परतीच्या वाटेवर घ्याव्यात.

वाहनात बसण्यापूर्वी पिशव्या मोजाव्यात आणि प्रत्येकाकडे किती आहेत हे एकमेकांना सांगावे, कारण विसरलेली पिशवी बहुतेक वेळा शेवटच्या खाण्याच्या जागी खुर्चीखाली राहते. घरी आल्यावर नाशवंत पदार्थ आधी फ्रिजमध्ये ठेवावेत, सगळ्या पावत्या एका पाकिटात घालून त्यावर बदलून देण्याची सर्वांत जवळची तारीख लिहावी. नव्या बुटांनी पहिले दोन-तीन दिवस घरातल्या स्वच्छ फरशीवरच चालावे, कारण तळ खराब झालेला बूट दुकानदार परत घेत नाही, आणि कपड्यांच्या चिठ्ठ्या दिवसाच्या उजेडात पुन्हा एकदा घालून पाहेपर्यंत कापू नयेत.